आधी तो कर्णा बंद करा!

मी भांडखोर बाई आहे, असे आमच्या शाळेत सर्वांचे एकमत आहे. आणि ते खोडून काढण्याचा माझा मुळीच विचार नाही. दिवाळीच्या दिवसांत भांडण उकरून काढू नये, चार गोड शब्द बोलावेत, हा शिरस्ता मलाही ठाऊक आहे. पण फराळाच्या ताटात लाडू-करंज्यांच्या शेजारी चिवड्यालाही जागा असते, आणि मिरची नसलेला चिवडा कोणी खाल्ला आहे? तेव्हा वाचकांनी हा लेख चिवडा समजून चाखावा. कोणाला ठसका लागलाच, तर पाण्याचा पेला जवळ ठेवावा. माझा नाइलाज आहे.

भांडणाचे मूळ २०२४ सालच्या २९ ऑगस्टला आहे. हा मेजर ध्यानचंदांचा जन्मदिवस. २०१२ पासून तो राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या वर्षी उत्साह अधिक होता, कारण बरोबर तीन आठवड्यांपूर्वी, ८ ऑगस्टला, पॅरिसला आपल्या संघाने स्पेनला २-१ असे हरवून ऑलिंपिकचे ब्राँझपदक आणले होते. आमच्या शाळेत समारंभ ठरला. ध्यानचंदांची तसबीर टेबलावर ठेवली, तिला झेंडूचा हार घातला, पाहुण्यांनी नारळ फोडला. मग कर्ण्यावर ‘चक दे! इंडिया’चे ते सुप्रसिद्ध गाणे लागले, आणि निळे पोशाख केलेल्या आठ मुली हातात हॉकीच्या स्टिका घेऊन नाचल्या. छान नाचल्या. टाळ्या झाल्या. फोटो निघाले. पेढे वाटले.

समारंभ संपल्यावर त्या आठांपैकी एक, सातवीतली, माझ्याजवळ आली नि म्हणाली, “बाई, आता खेळायचं ना?”

मी आमच्या खेळाच्या सरांकडे पाहिले. ते म्हणाले, “अगं बाळ, चेंडूच नाही. आणि स्टिका मोजून परत कपाटात ठेवायच्यात. मोडल्या तर भरून कोण देणार?”

आठ स्टिका मोजून कपाटात गेल्या. कुलूप लागले. कर्णा मात्र आणखी अर्धा तास वाजत होता. आणि खरे सांगायचे तर ते गाणे निवडणारी समितीसुद्धा मीच होते! म्हणजे या खटल्यात मी फिर्यादी आहे तशी आरोपीही आहे. पण आरोपी आहे म्हणून मी गप्प बसावे, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

माझी फिर्याद तिघांविरुद्ध आहे. पहिला मैदानावरचा कर्णा, दुसरा घरातला टीव्ही, आणि तिसरे आम्ही स्वतः, स्वतःला हॉकीवेडे म्हणवणारे लोक. क्रिकेटविरुद्ध माझी फिर्याद नाही. का नाही, ते पुढे सांगते.

हॉकीचे वेड मला माझ्या वडिलांकडून मिळाले, आणि त्यांना ते रेडिओकडून. १५ मार्च १९७५ या दिवशी क्वालालंपूरला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आपण पाकिस्तानला २-१ असे हरवले. तो चषक आपण जिंकला तो तेवढा एकदाच. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, पण तो सामना मी किती वेळा ऐकला आहे, याची गणती नाही. कारण वडील तो तोंडाने पुन्हापुन्हा ‘लावीत’ असत. जसदेव सिंगांचे हिंदी समालोचन, आवाजाची ती चढती कमान, आणि मग अशोककुमारचा गोल. अशोककुमार म्हणजे ध्यानचंदांचेच चिरंजीव. चेंडू खांबाला आतून लागला आणि पुन्हा बाहेर आला; पाकिस्तानच्या खेळाडूंनी हरकत घेतली; पंचांनी गोल दिला. वडिलांनी यातले काहीच डोळ्यांनी पाहिले नव्हते. तरी ते अंगणातल्या खांबापाशी उभे राहून, चेंडू कोठे लागला नि कोणीकडे उडाला, ते बोटाने दाखवीत. मी लहानपणी त्या खांबाला हात लावून पाहत असे.

यावर कोणी म्हणेल, बाई आता जुन्या आठवणींत रमल्या. छे! मी रमलेली नाही. माझा मुद्दा आहे, आणि तो असा की हॉकी हा डोळ्यांइतकाच कानांचा खेळ आहे.

हसायचे त्यांनी खुशाल हसावे; पण आधी हिशोब पाहावा. मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. त्यावर धावणारा चेंडू केवढा? घेर फार तर साडेतेवीस सेंटिमीटर, वजन १५६ ते १६३ ग्रॅम. लांबून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना तो निम्मा वेळ सापडतच नाही. त्याला तो सापडतो कानांनी. चेंडू स्टिकवर नीट बसला की एक आवाज येतो, कडेला लागून निसटला की दुसरा. पेनल्टी कॉर्नर घ्या. गोलरेषेवरून चेंडू वेगाने बाहेर ढकलला जातो, वर्तुळाबाहेर एक जण तो अडवतो, दुसरा तो ओढून भिरकावतो, आणि समोर गोलरक्षक धरून पाच जण जिवावर उदार होऊन धावत येतात. दोन श्वासांत सारा खेळ आटोपतो. गोलाच्या तळाशी ४६ सेंटिमीटर उंचीची फळी असते. तिच्यावर चेंडू आदळला की जो ‘धाड’ असा नाद उठतो, तो ऐकून आधी अंगावर काटा येतो आणि मग डोळ्यांना कळते, गोल झाला.

आणि गोलरक्षक! त्याला पुढचे सारे मैदान दिसते, म्हणून तो सामनाभर ओरडत असतो. अमक्या, डावीकडे सरक. तमक्या, मागे ये. पॅरिसला ४ ऑगस्टला इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्सच्या एकत्रित संघाशी, म्हणजे ग्रेट ब्रिटनशी, आपला उपांत्यपूर्व सामना झाला. सतराव्या मिनिटाला सुंदरगडच्या अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले, आणि उरलेली चाळीसवर मिनिटे आपण दहा जणांनी काढली. आमच्या यजमानांना क्रिकेटवाचून दुसरा धर्म नाही. पण त्या दिवशी तेही चहा विसरून बसले होते. मध्येच समालोचक क्षणभर थांबले, आणि मैदानावरचा एक खर्जातला आवाज घरात ऐकू आला.

“हा श्रीजेश एवढा कोणावर ओरडतोय?” यजमानांनी विचारले.

“ओरडत नाही,” मी म्हटले, “अकरावा माणूस नाही ना, त्याची जागा तो तोंडाने भरून काढतोय.”

यजमान काही बोलले नाहीत. पण पुढे सामना १-१ असा बरोबरीत सुटून शूटआउटची वेळ आली, तेव्हा त्यांनी आपण होऊन शेजारच्या खोलीतला पंखा बंद केला, ‘आवाज येतो’ म्हणून. त्या आठ-आठ सेकंदांच्या द्वंद्वात आपण ४-२ असे जिंकलो. वीस वर्षांच्या संसारात मी त्यांना हॉकीबद्दल जे पटवू शकले नाही, ते त्या एका आवाजाने पटवले.

आता सांगा, या खेळात कर्ण्याचे काय काम?

आजकाल आपल्याकडे मोठ्या सामन्याला जावे, तर खेळ थांबला रे थांबला की कर्णा सुरू. गोल झाला, गाणे. पंचांनी दाद मागितली म्हणून खेळ थांबला, गाणे. पेनल्टी कॉर्नरची तयारी चालली आहे, तेथे गोलरक्षक आपल्या माणसांना काही सांगतो आहे, प्रेक्षकाने श्वास रोखून धरावा असा तो क्षण; तेथेही ढणढण! पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो. तेथे गवयाने दोन ताना संपवून पाण्याचा घोट घेतला, तेवढ्यात कोणी कर्ण्यावर सिनेमाची तबकडी लावली तर काय होईल? श्रोते त्याला मंडपाबाहेर काढतील, आणि वर पुणेरी भाषेत चार शब्द ऐकवतील ते निराळेच. गाण्यातली विश्रांती हीसुद्धा गाण्याचाच भाग असते, हे आपण तेथे जाणतो. मग खेळातली विश्रांती म्हणजे मोकळा पडलेला भूखंड आहे, असे आपण का समजतो?

माझे सिनेमाच्या गाण्यांशी वैर नाही. माझे अर्धे आयुष्य स्वयंपाकघरात विविध भारतीच्या सोबतीने गेले आहे. ‘चक दे! इंडिया’ हा २००७ सालचा चित्रपट मीही दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा रडले. सलीम-सुलेमान यांचे संगीत, सुखविंदर सिंगांचा तो गळा. गाण्यात काही खोट नाही. खोट आहे ती ते गाणे म्हणजेच हॉकी असे समजण्यात. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींनी सुवर्णपदक जिंकले; त्या पराक्रमाची प्रेरणा या चित्रपटामागे होती, असे म्हणतात. गाणे आज पाच वर्षांच्या पोरालाही पाठ आहे. पण त्या संघाची कर्णधार कोण होती, असे मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत विचारले, तेव्हा एकालाही सांगता आले नाही; दोघांनी तर सिनेमातल्या नटीचे नाव सांगितले! ती मणिपूरची सूरजलता देवी. ज्यांच्यासाठी गाणे रचले त्यांनाच त्या गाण्याने झाकून टाकावे, याहून मोठा विनोद कोणता?

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. ‘बाई, लोकांना गाजावाजा आवडतो. गाण्यामुळे गर्दी जमते. ओडिशात पाहा, भुवनेश्वर नि राऊरकेला येथे २०२३ चा विश्वचषक झाला तेव्हा केवढी माणसे लोटली!’ लोटली, हे खरे. पण ती कर्ण्यासाठी लोटली, हे मला मान्य नाही. राऊरकेला हे सुंदरगड जिल्ह्यात येते. त्या मुलखात गावोगावी हॉकीच्या स्पर्धा होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. ज्या गावात हॉकीच्या विजयावर रात्रीचे जेवण अवलंबून असते, त्या गावाला खेळाची गोडी कर्ण्याने लावावी लागत नाही. आणि गाजावाजा म्हणाल तर जालंधरजवळच्या संसारपुरात, जेथून कितीतरी ऑलिंपिक खेळाडू निघाले, तेथे ढोल वाजले तर मी आनंदाने ऐकेन. ढोलवाला खेळ पाहत असतो. चेंडू वर्तुळात शिरला की त्याचा हात आपोआप जलद चालतो, गोल हुकला की थबकतो. तो साथीला बसलेला तबलजी आहे. कर्ण्याला मात्र चेंडू कोणाकडे आहे याचा पत्ताच नसतो. माझे भांडण आवाजाशी नाही, बहिऱ्या आवाजाशी आहे.

आता टीव्हीकडे वळू.

टीव्हीचे उपकार मी नाकारीत नाही. तो नसता तर मी पॅरिस कोठून पाहिले असते? आमच्या पगारात पॅरिस सोडा, भुवनेश्वरही जड जाते. चेंडू नीट दिसावा म्हणून २०१२ साली लंडनला मैदान निळे आणि चेंडू पिवळा करण्यात आला, हीही सोयच झाली. (त्या निळ्या मैदानावर आपण बारा संघांत बारावे आलो आणि तेही अगदी स्पष्ट दिसले, हा भाग वेगळा.) पण टीव्हीला एक खोड आहे. तो चेंडूच्या मागे धावतो आणि चेंडू नसलेल्या माणसाकडे ढुंकूनही पाहत नाही. हॉकीतले निम्मे शहाणपण तर तेथेच असते! बचावातला गडी दहा पावले आधीच कोठे जाऊन उभा राहिला, आघाडीच्या गड्याने खोटी धाव घेऊन कोणाला भुलवले, हे दिसेल तर गोल कसा झाला ते कळेल. टीव्ही आपल्याला गोल दाखवतो, तो पुन्हा दाखवतो, मग सावकाश दाखवतो, मग गोल करणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दाखवतो. घामाचे थेंब मोजता मोजता पुढचा खेळ सुरू झालेला असतो.

या खोडीची किंमत एका माणसाने फार मोठी मोजली. १९८२ साली आपल्याकडे टीव्हीला रंग आले, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने आपल्याला ७-१ असे हरवले. साऱ्या देशाने सात वेळा काय पाहिले? चेंडू जाळ्यात आणि समोर मीररंजन नेगी. बाकीचे दहा जण त्या त्या क्षणी कोठे होते, हे कोणी पाहिले? लोकांनी पराभवाचा सारा दोष एकट्या गोलरक्षकाच्या माथी मारला. देशद्रोहाचा आळ घेण्यापर्यंत मजल गेली. पुढे त्याच नेगींनी मुलींच्या संघाला शिकवले, ही त्यांची थोरवी. पण अर्धेच दाखवणारी खिडकी पूर्ण न्याय कसा करील, हा माझा प्रश्न उरतोच.

आणि वेळेचे काय? पूर्वी पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव असत. २०१४ पासून मोठ्या स्पर्धांत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे झाले. याने खेळाचा वेग वाढला, दमलेल्या पायांना विसावा मिळाला, हे मी कबूल करते. पण मध्ये जाहिरातींची सोय झाली, हेही कोणी नाकबूल करू नये. पस्तीस मिनिटांचा डाव हा ख्यालासारखा होता. विलंबितात सुरुवात, प्रतिस्पर्ध्याचा अंदाज, हळूहळू बढत, आणि शेवटी द्रुत. आता चार ठुमऱ्या ऐकायच्या, आणि प्रत्येक ठुमरीनंतर साबण विकत घ्यायचा! ठुमरीही गोड असते. पण साबणाचे काय करू?

आता तिसरे आरोपी. आम्ही हॉकीवेडे. खरा राग माझा यांच्यावर आहे, म्हणजे माझ्यावरही.

आम्ही चार जण जमलो की काय बोलतो? १९२८ ते १९५६ सलग सहा सुवर्णपदके, मग १९६४ नि १९८०, एकूण आठ. १९३२ साली अमेरिकेवर २४ गोल. १९३६ साली बर्लिनला यजमान जर्मनीवर ८-१. हे सारे खरे आहे, आणि ते पाठ म्हणताना आमचा ऊर भरून येतो. मग उसासा टाकून आम्ही म्हणतो, ‘गोऱ्यांनी गवत काढले नि नकली हिरवळ आणली, म्हणून आपण बुडालो.’ १९७६ साली माँट्रियलला पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर ऑलिंपिकची हॉकी झाली आणि आपण सातवे आलो, हे खरेच. ती मैदाने महाग, त्यांना पाणी फार लागते, आणि गरीब देशात ती गावोगावी होत नाहीत, हेही खरे. पण पाकिस्तान काय श्रीमंत देश होता? त्याने त्याच कृत्रिम हिरवळीवर १९८४ चे ऑलिंपिक सुवर्ण नि १९९४ चा विश्वचषक जिंकला. म्हणजे गवत गेले हे संकट होते. पण त्याला आम्ही सबब बनवले. वर्गात पोरगा ‘पेन नव्हते’ म्हणून गृहपाठ करीत नाही, तेव्हा मी त्याला जे सांगते तेच आम्हालाही सांगायला हवे होते.

दुसरी आमची आवडती तक्रार क्रिकेटची. ‘क्रिकेटने हॉकीला गिळले!’ कसे गिळले बुवा? क्रिकेटवाल्यांनी आपला खेळ लोकांच्या कानात आधी घातला. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगितले, आणि ज्यांनी बॅट कधी हातात धरली नाही अशा आजीबाईंनाही खेळ कळू लागला. आम्ही हॉकीवेड्यांनी मराठीत काय केले? ही भाषा मी पोरांना शिकवते, या भाषेत कादंबऱ्या लिहिते. माझ्या एका तरी कादंबरीत कोणी हॉकी खेळते का? नाही. नायक कविता करतो, नायिका खिडकीत बसते. हॉकी कोणी खेळत नाही. पुण्याजवळच्या खडकीला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या स्टिकांनी खेळून धनराज पिल्ले नावाचा मुलगा मोठा झाला, चार ऑलिंपिक खेळला. १९९८ साली बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली आपण आशियाई सुवर्णपदक जिंकले, आणि त्या विजयानंतर लगेच त्याला नि आणखी काही ज्येष्ठ गड्यांना संघाबाहेर बसावे लागले. काय नाट्य आहे यात! आमच्या घरापासून चार तासांवर हे घडत होते, नि आम्ही लेखकमंडळी विषय मिळत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसलो होतो. क्रिकेटने नव्हे, आमच्या आळसाने हॉकीला गिळले. म्हणून क्रिकेटवर माझी फिर्याद नाही.

आणि तो ‘राष्ट्रीय खेळ’! सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत ‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ हा प्रश्न मी स्वतः वर्षानुवर्षे घातला. उत्तर : हॉकी. गुण : एक. पुढे २०१२ साली माहितीच्या अधिकारात कोणी विचारले, तेव्हा क्रीडा मंत्रालयानेच कळवले की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. मी तो प्रश्न काढून टाकला. पण त्या दिवशी मला एक गोष्ट उमगली. ज्या मुलांनी तो एक गुण मिळवला, त्यांतल्या बहुतेकांनी हॉकीचा चेंडू हातात घेऊन पाहिलेला नव्हता. आपण हॉकीला एक गुण दिला, एक हार घातला, एक गाणे दिले, आणि कपाटाला कुलूप लावले.

तर त्या कपाटाची पुढची हकिगत.

समारंभानंतरच्या आठवड्यात मी हेडसरांकडे किल्ली मागितली. ती सापडेना. शेवटी आमच्या शिपाईमामांनी कुलूप फोडले. कुलपाचे पैसे मी दिले. चेंडू तालुक्याच्या दुकानात मिळाला नाही, तो पुण्याहून मागवला. शनिवारी शाळा सुटल्यावर मागच्या मुरमाड मैदानावर त्या आठ मुली नि मी. मला खेळता येत नाही, ऐकता येते. पहिले चार शनिवार नुसती धूळ उडाली. पाचव्या शनिवारी सातवीतल्या त्या मुलीचा एक फटका असा नेमका बसला की मी पाठमोरी असूनही वळून पाहिले. आवाजावरून मला कळले.

आणि मग यंदा संस्थेला एका दात्याने खेळासाठी देणगी दिली. बैठक झाली. मी म्हटले, मैदान सपाट करू, बारा स्टिका घेऊ, गोलाला फळ्या बसवू. कार्यकारिणीने ठरवले, सभागृहात भिंतीएवढा टीव्ही घ्यायचा. का, तर मुलांनी मोठमोठे सामने पाहावेत, त्यांच्यावर क्रीडासंस्कार व्हावेत! मी विरोध केला. मत मोजले गेले. माझ्या बाजूला मी नि खेळाचे सर, एवढे दोघेच. होय, तेच खेळाचे सर, स्टिका मोजून ठेवणारे. बैठकीनंतर ते मला म्हणाले, “बाई, स्टिका मोडतील म्हणून मी तेव्हा मुलींना खेळू दिलं नाही. आता मोडल्या तर माझ्या पगारातून भरा.” माणसे बदलतात ती अशी, कर्ण्याने नव्हे.

टीव्ही भिंतीवर बसला आहे. मी त्याच्यावर बहिष्कार घातलेला नाही. चांगला सामना असेल तेव्हा मी मुलींना घेऊन त्याच्यासमोर बसणारच. फक्त कोणत्या गड्याजवळ चेंडू नाही, ते त्यांना शोधायला लावणार. पण दर शनिवारी आम्ही असतो मागच्या मैदानावर. मुली आता चौदा झाल्या आहेत, स्टिका आठच आहेत, त्यांतली एक सुतळीने बांधलेली आहे.

वाचकहो, दिवाळीत आपण घरातला कचरा काढतो, तसा कानांतलाही काढावा, एवढेच माझे मागणे आहे. आपल्या गावच्या शाळेतही असे एखादे कपाट असेल. त्याची किल्ली कोणाकडे आहे, एवढे सुट्टी संपल्यावर विचारून पाहा. आणि पुढच्या २९ ऑगस्टला आपल्याला पाहुणे म्हणून बोलावणे आले तर जरूर जा, हार घाला, नारळ फोडा, पण कोणी कर्णा सुरू करू लागले तर त्याचा हात धरा आणि विचारा, “चेंडू कोठे आहे?”

आमच्या शाळेत पुढच्या वर्षी ते विचारायला मी आहेच. समितीतून मला काढून टाकावे, असा ठराव यायच्या बेतात आहे, असे ऐकते. येऊ द्या!